घरच्या प्रेक्षकाचे मत

मागच्या महिन्यात चित्रपट आणि अभिरुची या विषयावरील एका परिसंवादास जाण्याचा योग आला. अध्यक्षस्थानी जे गृहस्थ होते त्यांच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे. समारोप करताना ते म्हणाले की, चित्रपटगृहात तिकीट काढून, अंधारात स्तब्ध बसून जो चित्रपट पाहतो त्याच्या मताला काही मोल असू शकेल. परंतु घरी भाजी निवडता निवडता मालिका पाहणाऱ्या मंडळींच्या मताची दखल टीकाकाराने घ्यावी असे त्यात काही नसते. सभेत हशा पिकला. हसणाऱ्यांत निम्म्या तरी बायका अशा होत्या की, ज्यांनी त्याच दिवशी सकाळी घरी भाजी निवडली असेल. खोटे कशाला बोलू, मीही हसलो.

परतताना गाडीत एक तरुण स्नेही सोबत होता. त्याला अध्यक्षांचे बोलणे मुळीच आवडले नव्हते. पण त्याचे कारण निराळे. तो म्हणाला, "सर, एवढा काथ्याकूट हवाच कशाला? ज्याची त्याची आवड. ज्याला जे रुचेल ते त्याने पाहावे, अंगठा वर करावा नाही तर खाली करावा, आणि झोपी जावे!"

त्या रात्री विचार करू लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की, वरवर परस्परविरुद्ध दिसणारी ही दोन मते वस्तुतः सख्खी भावंडे आहेत. घरच्या प्रेक्षकाला एक म्हणतो, मत देण्याचा तुला अधिकार नाही. दुसरा म्हणतो, मत देण्याची तुला गरज नाही. दोहोंचा परिणाम एकच: घरच्या प्रेक्षकाने कारण सांगण्याच्या भानगडीत पडू नये. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. घरी पाहणाऱ्याला मत देण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि म्हणूनच कारण देण्याच्या जबाबदारीतून त्याची सुटका नाही. ती जबाबदारी आपण टाकून दिली आहे, आणि तिचे फळ रोज संध्याकाळी आपल्या दिवाणखान्यात भोगीत आहोत.

प्रथम अधिकाराचा प्रश्न घेऊ. अध्यक्ष महाशय संस्कृताचे जाणकार आहेत. तेव्हा त्यांना भरतमुनींचे स्मरण करून देणे हा उद्धटपणा ठरू नये. नाट्यशास्त्राच्या २७व्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आहे. प्रयोगाविषयी वाद उपस्थित झाल्यास निर्णय कोणी द्यावा? भरतमुनी तो अधिकार एकट्या पंडिताला देत नाहीत. त्यांच्या परीक्षकांत याज्ञिक आहे, नर्तक आहे, वैयाकरण आहे, धनुर्विद्या जाणणारा आहे, चित्रकार आहे, गायक आहे, राजसेवक आहे, एवढेच नव्हे तर गणिकाही आहे. ज्याला ज्या गोष्टीचा प्रत्यक्ष अनुभव, त्याने त्या गोष्टीविषयी बोलावे, अशी ही व्यवस्था. प्रेक्षकाचे सर्व गुण एकाच माणसाच्या ठिकाणी आढळणे शक्य नाही, अशी स्पष्ट कबुलीही तेथे आहे. कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'त दोन नाट्याचार्यांचा कलह रंगवला, तेव्हा न्यायदानासाठी राजाला बसवले नाही, एका परिव्राजिकेला बसवले. आणि तिने नुसते वाहवा न म्हणता, नृत्यात कोणते अंग कसे साधले हे सांगून निवाडा दिला. इंग्रजी वाङ्मयावर ज्यांची अधिक श्रद्धा असेल त्यांनी डॉ. जॉन्सन यांचे १७८१ सालचे ग्रे कवीचे चरित्र उघडावे. ग्रेच्या बहुतेक कवितांवर सडकून टीका केल्यावर त्याच्या विलापिकेपाशी येऊन, आपले मत सामान्य वाचकाशी जुळते याचा तो भला माणूस आनंद मानतो.

पण जुन्या ग्रंथांची साक्ष कशाला? चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला. २०१४ सालासाठीचा उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळालेला आहे. आपल्या गाण्याने एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले, या आरोपावरून एका वृद्ध लोकशाहिरावर खटला चालतो, एवढेच त्याचे कथानक. आमच्या शेजारचे एक गृहस्थ, ज्यांचे आयुष्य कनिष्ठ न्यायालयात कारकुनी करण्यात गेले, त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने तो घरी बसून पाहिला. ते म्हणाले, "आजवर सिनेमात वकील ओरडतात, टेबलावर मुठी आपटतात. आमच्याकडे तसे कोणी कधी ओरडले नाही. माणसाचे वाटोळे होते ते असेच, कलमे एका सुरात वाचून आणि पुढची तारीख देऊन." बाईंचे लक्ष दुसरीकडेच होते. या चित्रपटातील सरकारी वकील स्त्री न्यायालयाचे काम आटोपून लोकलने घरी जाते, मुलाला घेऊन येते, स्वयंपाकाला लागते. बाई म्हणाल्या, "ती बाई वाईट असती तर मला बरे वाटले असते. ती माझ्यासारखीच आहे, म्हणून भीती वाटली."

या दोन वाक्यांत जे सांगितले गेले ते त्या चित्रपटावरील कित्येक लांबलचक परीक्षणांत मला सापडले नव्हते. तेव्हा घरच्या प्रेक्षकापाशी विद्या नसेल, अनुभव आहे. कारकुनाला न्यायालय ठाऊक आहे, परिचारिकेला रुग्णालय ठाऊक आहे, आणि ज्या गृहिणीच्या भाजी निवडण्याला आपण हसलो तिला घर ठाऊक आहे. आपल्या बहुतेक मालिका घराविषयीच असतात. मग त्यांची अधिक योग्य परीक्षक दुसरी कोण? भर दुपारी सगळे कर्ते पुरुष दिवाणखान्यात उभे कसे, कोणाच्या हाताला पीठ कसे लागत नाही, दारामागे उभे राहून चोरून ऐकल्याशिवाय कोणालाच काही कसे कळत नाही, हे प्रश्न विचारण्यास साहित्यशास्त्राची पदवी लागत नाही.

आता माझ्या तरुण स्नेह्याकडे वळतो. ज्याची त्याची आवड हे तत्त्व फणसाच्या बाबतीत मला पूर्ण मान्य आहे. एखाद्याला फणसाचा वास सोसत नसेल तर त्याच्याकडे कारण मागणे असभ्यपणाचे होईल. परंतु कथा ही फणस नव्हे. कथा माणसांविषयी काही सांगत असते: कोणी सोसावे, कोणी क्षमा करावी, कोणत्या अपराधाला शिक्षा व्हावी. ती आवडली म्हणणारा, कळत वा नकळत, या सांगण्यालाही रुकार देत असतो.

याचे एक उदाहरण दूरदर्शनच्या इतिहासात नमूद आहे. 'हम लोग' ही हिंदी मालिका ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि १७ डिसेंबर १९८५ रोजी संपली. लेखक मनोहर श्याम जोशी. लोकशिक्षण हा तिचा उघड हेतू होता, आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोक कुमार पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी चार शब्द बोलत. तीत भागवंती नावाची माता आहे: नवऱ्याचे सगळे निमूटपणे सोसणारी. सोसण्याचा हा मार्ग बरा नव्हे हे प्रेक्षकांनी तिच्याकडे पाहून ओळखावे, अशी योजना होती. परंतु पुढे संशोधकांनी प्रेक्षकांची मते तपासली, तेव्हा अनेकांनी, विशेषतः अनेक बायकांनी, तिलाच आदर्श मानल्याचे आढळले. कर्त्याने इशारा म्हणून जे मांडले ते पाहणाऱ्यांनी कित्ता म्हणून गिरवले. मग ही नुसती ज्याची त्याची आवड राहिली काय? एका घरातली ही आवड त्या घरच्या मुलीच्या संसारापर्यंत जाऊन पोहोचते.

तरीही त्या काळाला एक गोष्ट अनुकूल होती. प्रेक्षक पत्रे लिहीत. या एका मालिकेसाठी ४ लाखांवर पत्रे आली असे सांगतात. पोस्टकार्डावर का होईना, पत्र लिहावयाचे म्हणजे वाक्य लिहावे लागते. आणि वाक्य लिहू लागले की पाठोपाठ 'कारण' हा शब्द येतो. भागवंतीचे चुकले की बरोबर, याविषयी घराघरांत वाद झाला, तो वाद पत्रांतून लेखकापर्यंत गेला, आणि कथेचा ओघही प्रेक्षकांचा कल पाहून बदलला.

आज हे काम पत्रांऐवजी यंत्र करते. त्याची रीत वाचकांस बहुधा ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. काही निवडक घरांत दूरचित्रवाणी संचाला एक मापकयंत्र जोडलेले असते. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते, ती हे यंत्र ओळखते. घरातील प्रत्येक माणसाला एकेक कळ नेमून दिलेली असते. पाहावयास बसताना ज्याने त्याने ती दाबावयाची. या नोंदींवरून दर आठवड्याचे आकडे सिद्ध होतात, आणि त्या आकड्यांवर जाहिरातींचे दर व मालिकांचे आयुष्य ठरते. २०२० साली अशी घरे सुमारे ४५,००० होती, आणि देशातील दूरचित्रवाणी असलेल्या घरांची संख्या सुमारे २१ कोटी मानली जात होती. म्हणजे साडेचार हजारांहून अधिक घरांच्या वतीने एक घर बोलत होते.

पण नमुना लहान आहे ही माझी तक्रार नव्हे. नमुना नीट निवडला असेल तर थोड्या घरांवरूनही पुष्कळ कळू शकते. माझी तक्रार अशी की, या यंत्राला वाहिनीचा आवाज ऐकू येतो, पाहणाऱ्याचा येत नाही. आजी, सून आणि नात रोज साडेसात वाजता संचासमोर बसतात. आजी म्हणते, "शी! काय मेले दाखवतात!" सून म्हणते, "अहो, हिला एवढेही कळत नाही का?" नात तर मान वर करूनही पाहत नाही. यंत्राच्या लेखी मात्र या घरात तीन माणसांनी मालिका पाहिली. निषेधाची तीन वाक्ये तेथे तीन पसंत्या होऊन जमा होतात. पुढच्या आठवड्यात सुनेवर आणखी एक संकट कोसळते, कारण मागच्या संकटाच्या वेळी आकडा वाढला होता. आणि मग आपण सात्त्विक संतापाने विचारतो, असल्या मालिका निघतात तरी का?

संच चालू असणे आणि माणसाने पाहणे यांतही किती अंतर असू शकते, हे २०२० च्या ऑक्टोबरात सर्वांसमोर आले. विशिष्ट वाहिनी चालू ठेवण्यासाठी काही घरांना पैसे दिले जातात, असा आरोप मुंबई पोलिसांनी जाहीरपणे केला. वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे तेव्हा थांबवण्यात आले, ते मार्च २०२२ पर्यंत. तो खटला २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. तेव्हा कोणाला दोषी म्हणण्याचा येथे प्रश्नच नाही. विचार करण्याजोगी गोष्ट एवढीच की, आरोप झाला तेव्हा 'असे होईलच कसे?' असे कोणी म्हटले नाही. कोणी पाहत नसताना संच चालू राहू शकतो, हे आपणा सर्वांना घरच्या अनुभवावरून ठाऊक होते.

आंतरजालावरून घरी येणाऱ्या चित्रपटांची तऱ्हा याहून फार वेगळी नाही. नेटफ्लिक्सवर पूर्वी एक ते पाच तारे देण्याची सोय होती. २०१७ साली ती काढून अंगठा वर किंवा खाली करण्याची आली. जी पाच पायऱ्यांची शिडी होती तिच्या तेव्हा दोनच पायऱ्या उरल्या. रॉटन टोमॅटोज या प्रसिद्ध स्थळावर चित्रपटापुढे शेकडा आकडा असतो. अनेकांचा समज असा की, ९५ म्हणजे शंभरांपैकी ९५ गुण. तसे नाही. ज्या परीक्षणांचा कौल अनुकूल पडला त्यांचे ते शेकडा प्रमाण आहे. म्हणजे जो चित्रपट सर्वांना केवळ 'ठीक' वाटला त्याचे शंभर होऊ शकतात, आणि ज्याने निम्म्यांना भारून टाकले व निम्म्यांना चिडवले त्याचे पन्नासच. ज्याच्याविषयी घरात वाद व्हावा तोच चित्रपट अशा गणनेत मागे पडतो.

आता सगळा दोष यंत्रावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण आपले पाहणे तरी कसे आहे? येथे मला स्वतःच्या घरातली गोष्ट सांगणे भाग आहे, आणि तीत माझी बाजू फारशी गौरवाची नाही.

ताम्हाणे यांचाच 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार घेऊन आला, आणि २०२१ च्या एप्रिलअखेर नेटफ्लिक्सवर उपलब्ध झाला. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस. जो तो घरात कोंडलेला. शास्त्रीय गायनाची साधना करणाऱ्या एका तरुणाची ही कथा आहे. निष्ठा आहे, गुरू आहेत, रियाझ आहे. आणि तरीही जे यावयास हवे ते येत नाही. आमच्या घरी तिघांनी तो तीन ठिकाणी पाहिला. मुलाने मोबाइलवर दीडपट वेगाने पाहिला. वेग वाढवण्याची ही सोय त्या कंपनीने २०२० पासून मोबाइलवर दिलेली आहे. त्याचे मत: "फार संथ." विलंबित ख्यालाच्या उपासकाची कहाणी दीडपट वेगाने पाहून ती संथ आहे म्हणणे, म्हणजे पंगतीतून अर्ध्यावर उठून यजमानाने उपाशी ठेवले म्हणण्यासारखे आहे. हे मी त्याला सुनावलेही.

मग माझी थोरली वहिनी बोलली. तिने लग्नापूर्वी बारा वर्षे गाणे शिकून पुढे सोडले. ती म्हणाली, "मला हा सिनेमा अन्यायाचा वाटला. गाणे म्हणजे एकतर संन्यास, नाही तर हार, एवढेच यात आहे. सकाळी एकटीने सूर लावला आणि तो लागला, याचा जो आनंद असतो तो कुठे आहे? मी काही मोठी गायिका झाले नाही. म्हणून माझी बारा वर्षे फुकट गेली काय?"

मी तत्काळ म्हणालो, "वहिनी, चित्रपट उत्तम आहे." तिने शांतपणे विचारले, "का?" आणि मी, तीस वर्षे विद्यार्थ्यांना अभिरुचीचे धडे देणारा प्राध्यापक, काय उत्तरलो? म्हणालो, "त्याला व्हेनिसला पुरस्कार मिळाला आहे." ती काही बोलली नाही. उठून आत गेली.

वाचकहो, त्या दिवशी आमच्या घरात चित्रपटावर मत एकीचेच होते, आणि ते माझे नव्हते. मुलापाशी वेग होता, मजपाशी पुरस्काराची बातमी होती, आणि वहिनीपाशी कारण होते. तिचे मत मला आजही सर्वस्वी पटत नाही. त्या नायकाला आनंद मिळत नाही, कारण तो सूर ऐकत नाही, आपण कोण होणार याचीच चिंता वाहतो, आणि दिग्दर्शकाला दाखवावयाचे आहे ते हेच, असे मला वाटते. पण हे उत्तर मला सुचले ते तिच्या 'का?' या प्रश्नाने चार दिवस छळल्यानंतर. ज्या मताला उत्तर देताना समोरच्याला नीट पाहावे लागते, ते मत. बाकी सारे हुंकार.

यावर एक आक्षेप येईल तो मला दिसतो आहे. दिवसभर राबून, लोकलमध्ये चेंगरून घरी आलेल्या माणसाला दोन घटका विरंगुळा हवा असतो. त्याला कसला वाद घालावयास लावता? हा आक्षेप प्रामाणिक आहे. विरंगुळ्यासाठी काहीही पाहावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण मग 'मी थकलो होतो म्हणून पाहिले' असे म्हणावे; 'चांगली आहे' असे म्हणू नये. हेही एक कारणच झाले, आणि खरे कारण झाले.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. आमच्या घरात मापकयंत्र नाही. आम्ही संच बंद केला काय आणि उच्च स्वरात चर्चा केली काय, वाहिनीला त्याचा पत्ता कसा लागणार? कबूल. बहुतेक घरांचे हे असेच आहे, आणि एका घरच्या बहिष्काराने मालिका बंद पडते असे सांगून मी वाचकांची फसवणूक करणार नाही. परंतु आपल्या मताची पहिली श्रोती वाहिनी नव्हे. ती आपल्या शेजारी गालिच्यावर बसलेली असते, दहा-बारा वर्षांची असते, आणि गृहपाठाच्या वहीत डोके घालून सगळे ऐकत असते. पडद्यावरच्या सुनेने सासरचा छळ हसतमुखाने सोसला आणि घरातली मोठी माणसे गप्प राहिली, तर त्या मुलीने काय समजावे? आणि त्याच वेळी तिची आजी म्हणाली की, "हे चूक आहे, आमच्या वेळी असे झाले होते, आणि ते तेव्हाही चूकच होते," तर? तीच मालिका, तोच भाग, तोच आकडा. पण त्या घरात काही निराळे घडले. पडद्यावर काय दाखवावे हे आपल्या हाती नाही. दाखवलेले आपल्या घरात निरुत्तर जाऊ द्यावे की नाही, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत एका बिऱ्हाडी संच असे, आणि रविवारी संध्याकाळी चित्रपट पाहण्यास सगळा मजला तेथे जमे. त्या गर्दीविषयी मला खोटा उमाळा दाखवावयाचा नाही. उकडत असे, मुले रडत, आणि दिसत काही नसे. पण चित्रपट संपल्यावर जिन्यात जी वीस मिनिटे बोलणी होत, त्यांत नायकाची उलटतपासणी होई. आज प्रत्येकाचा पडदा निराळा झाला, आणि बोलण्यासाठी जिना उरला नाही. तो घरातच पुन्हा बांधावा लागेल. त्यास खर्च काही नाही. जे पाहावयाचे ते एकत्र आणि त्याच्या स्वाभाविक गतीने पाहावे. पाहून झाल्यावर संच बंद करावा. आणि कोणी 'छान' म्हणाले, किंवा 'भिकार' म्हणाले, की वहिनीने मला विचारला तो दोन मात्रांचा प्रश्न त्याला विचारावा.

परिसंवादात मी हसलो होतो, हे वर सांगितलेच आहे. अध्यक्ष महाशयांची आणि माझी पुन्हा गाठ पडेल तेव्हा मी त्यांना घरी जेवावयास बोलावणार आहे. जेवणानंतर आपण सारे एखादा चित्रपट पाहू. वहिनीही असेल, बहुधा भाजी निवडीत असेल. चित्रपट संपल्यावर त्यांनी आपले मत द्यावे, आणि मग तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची तयारी ठेवावी.